काँग्रेस गवताचा जमाखर्च

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आणि लेख गवतावर, हे पाहून आमचे विज्ञान शाखेतील मित्र हसतील. हसोत बापडे. जमा आणि नावे यांपलीकडे आम्हांला काही दिसत नाही, असा आमच्यावर जुना आरोप आहे. तो मान्य करूनच मी लिहावयास बसलो आहे. कारण ज्या गवताविषयी मला लिहावयाचे आहे, त्याची जमा एकाच्या खात्यावर आणि नावे दुसऱ्याच्या खात्यावर पडते, आणि त्याची कुठे नोंद होत नाही. आपल्या महाविद्यालयात दर ऑगस्टमध्ये काँग्रेस गवत उपटण्याचा जो कार्यक्रम होतो, तो आज जसा होतो तसा बंद करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी रागावण्यापूर्वी माझे म्हणणे शेवटपर्यंत वाचावे, एवढी विनंती.

खडेबाजारात उभे राहून कोणालाही ह्या झाडाचे नाव विचारा. मराठी माणूस काँग्रेस गवत म्हणतो. पाने गाजराच्या पाल्यासारखी, म्हणून कोणी गाजर गवत म्हणतो. कन्नड माणूस काँग्रेस गिडा म्हणतो. सीमाभागात दोन्ही भाषांचे एवढे एकमत दुसऱ्या कुठल्या शब्दावर झाल्याचे मला ठाऊक नाही! पांढऱ्या टोप्या घातल्यासारखी फुले, म्हणून हे नाव पडले असे काही जण सांगतात. काँग्रेसच्या राजवटीत आले म्हणून पडले, असे दुसरे काही. शास्त्रातले नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. गंमत म्हणजे हे गवतच नव्हे. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुळातले हे रोप. कन्नडमध्ये तणाला ‘कळे’ म्हणतात आणि चेहऱ्यावरच्या तेजालाही ‘कळे’च म्हणतात. पहिल्या पावसानंतर एखाद्या रिकाम्या प्लॉटवर ते हिरवेगार पसरलेले पाहिले, की हे दोन्ही अर्थ एकदम पटतात.

ते आले कसे, ह्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते. अमेरिकेने पी. एल. ४८० खाली लाल गहू पाठवला आणि त्या गव्हातून हे बी आले. गोष्ट ऐकायला चांगली आहे, पण तारखा जुळवून पाहाव्यात. अमेरिकेचा तो कायदा १९५४ चा. भारताबरोबर पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये. आणि पुण्यात आढळलेले हे रोप भारताला नवे म्हणून आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवले, तेही १९५६ सालीच. म्हणजे करारातले पहिले जहाज लागण्याआधीच झाड पुण्याच्या उकिरड्यावर उभे होते म्हणायचे. त्याआधी १९५१ मध्ये अमेरिकेने आपल्याला गव्हासाठी कर्ज दिले होते. त्या धान्याबरोबर ते आले असणे शक्य आहे. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे रॉक्सबर्ग यांनी कलकत्त्याच्या सरकारी बागेतील झाडांची जी यादी १८१४ साली छापली, तीतही ह्या रोपाचे नाव आहे. तेव्हा पाहुणा जुना आहे. तो माजला मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत. का माजला, हा खरा प्रश्न, आणि तो आपण विचारीत नाही; ‘परक्याने आणले’ म्हणून मोकळे होतो.

‘परका’ ह्या शब्दाची मला तशीही थोडी भीती वाटते. आपण ज्या भागात राहतो तिथे हा शब्द फार स्वस्त झालेला आहे. परका म्हणूनच वाईट असेल, तर निपाणीची तंबाखू कुठली? अमेरिकेची. ब्याडगी मिरची? तिचे मूळही तिकडचेच. महाशिवरात्रीच्या उपासाला बेळगावच्या बाजारातून आपण जी रताळी घेतो, तीही पोर्तुगिजांच्या काळात समुद्र ओलांडून आलेली. ह्या सगळ्यांनी आपल्या भागाचा संसार चालवला. काँग्रेस गवताविरुद्ध माझी तक्रार ते बाहेरून आले ही नाही. ते जिथे उभे राहते तिथल्या जमिनीचा हिशेब ते बदलून टाकते, ही आहे.

हा हिशेब आमच्या भाषेत मांडतो. एका मोठ्या झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात. आपण पंधरा हजारच धरू, आणि हजारात एकच रुजली असे मानू. पहिल्या पिढीत १५, दुसरीत २२५, तिसरीत ३,३७५. रोप उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते आणि ओल मिळाली तर वर्षाच्या कुठल्याही महिन्यात उगवते. तेव्हा एका वर्षात तीन पिढ्या ही काही फार मोठी कल्पना नव्हे. कुठल्याही सावकाराचे चक्रवाढ व्याज ह्यापुढे लाजेल. शिवाय सगळे बी एकदम उगवत नाही. मातीत खोल गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते. कंपनी कायद्यात ज्याला आम्ही राखीव निधी म्हणतो, तो हा. वरची झाडे तुम्ही सगळी उपटलीत, तरी खालच्या निधीला धक्का लागत नाही.

आता जमिनीविषयी. ह्या झाडाच्या मुळांतून, पानांतून आणि कुजणाऱ्या पाल्यातून पार्थेनिन आणि इतर काही द्रव्ये मातीत उतरतात, आणि शेजारच्या बियांचे उगवणे मंदावते. म्हणून त्याच्या दाट पट्ट्यात दुर्वा, लव्हाळा, कुंदा असली नेहमीची मंडळी दबून जातात. गुरे ते खात नाहीत. उपासमारीत खाल्लेच, तर दुधाला कडवट वास येतो. परंतु ‘जमीन बिघडते’ असे आपण सरसकट म्हणतो, तेवढे ते सोपे नाही. नेपाळमधील कुरणांत अभ्यास झाला, तेव्हा हे गवत माजलेल्या जागी स्फुरद आणि पालाश उलट जास्त सापडले. खताच्या पोत्यावर छापलेले आकडे पाहून जमिनीचा भाव करणाऱ्याला तर ती जमीन सुधारली असेच वाटेल! पण त्या शिलकीचा उपयोग कोणाला? जो तिथे आधीच ठाण मांडून बसला आहे, त्यालाच. झाड मातीला आपल्या सोयीची करते, आणि ती माती पुन्हा त्याच झाडाला पोसते.

मातीची ही बाजू मला प्रथम कळली ती एका अगदी दूरच्या प्रदेशाच्या वर्णनावरून. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वतावर, जिथे थंडीमुळे झाडे वाढणे थांबते त्याच्याही वर, बुटक्या फुलझाडांचे उघडे माळ आहेत. नायवॉट रिज नावाच्या ठिकाणी शास्त्रज्ञ कित्येक वर्षे त्या माळांची मोजदाद करीत आहेत. तिथली एक फुलझाडाची जात आपल्या पाल्यातील द्रव्यांनी मातीतले नत्र जणू कुलपात ठेवते. तिच्या शेजारी वाढणारे एक गवत मात्र ते भराभर मोकळे करते. दोघेही तिथलेच रहिवासी, आणि हात आखडता असेपर्यंत दोघांचे बरे चालते. पण खालच्या शहरांतल्या मोटारींचा धूर आणि शेतांतले खत वाऱ्यावर चढून वरच्या मातीत नत्राची भर घालू लागले, की पारडे गवताकडे झुकते. गवत वाढले की नत्र आणखी मोकळे होते, आणि त्या नत्रावर गवत आणखी वाढते. फुलझाडे मागे सरतात. इथे कोणी परका आलेला नाही. परिस्थिती बदलली, आणि बदललेली परिस्थिती ज्याला मानवली तो पुढे गेला.

आपल्या जवळचे उदाहरण पाहिजे असेल, तर साताऱ्याचे कास पठार घ्यावे. काळ्या जांभ्या दगडावर बोटभर माती, आणि त्या मातीत भाद्रपदात फुलांचा गालिचा. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटले, त्यात कासही आले. पुढे गर्दी वाढली, आणि फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले. माणसांबरोबर गुरेही बाहेर राहिली. गुरे चरेनात, तेव्हा गवत उंच झाले आणि जमिनीसरशी वाढणारी फुले त्याच्याखाली झाकली जाऊ लागली. गावकरी आणि अभ्यासक यांनी तक्रार केली, आणि शेवटी कुंपण काढण्याचा निर्णय झाला. ज्या उपायाने फुले वाचावीत त्यानेच ती मागे पडली. हेतू चांगला असला म्हणजे उपाय चांगला होतोच असे नाही. हे ऑगस्टच्या आमच्या कार्यक्रमालाही लागू आहे, म्हणून कासची आठवण दिली.

त्या कार्यक्रमाकडे येण्यापूर्वी घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. निपाणीजवळ आमचे थोडे शेत आहे आणि ते माझे काका करीत असत. सहा-सात वर्षांपूर्वी त्यांच्या मानेवर आणि पापण्यांवर खाज सुरू झाली. उन्हामुळे असेल म्हणून कोणी लक्ष दिले नाही. पुढे कोपरांचे सांधे, कानामागची कातडी, मग सगळा चेहरा काळवंडून जाड झाला. डॉक्टरांनी सांगितले, की काँग्रेस गवताची ॲलर्जी आहे. एकदा जडली की जन्मभराची सोबत. औषधाने दबेल, पण त्या झाडाजवळ जाऊ नका. बांधावर, पाणंदीत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेच झाड. शेतकऱ्याने मग जावे कुठे? वाळलेल्या झाडाची धूळ वाऱ्यावर आली तरी त्यांचे डोळे सुजतात. शेत आता वाट्याने दिले आहे. काका दिवसभर सोप्यात बसून असतात, आणि ज्याला शेती सोडून दुसरे काही येत नाही त्या माणसाने नुसते बसणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच कळेल. आमच्या घरचे उत्पन्न निम्म्यावर आले, औषधाचा खर्च वाढला, आणि ह्यातला एक रुपयासुद्धा कुठल्याही सरकारी आकड्यात काँग्रेस गवताच्या नावे पडत नाही.

आता ऑगस्ट. देशभर १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळतात. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने तो होतो. जागृतीला माझी हरकत नाही. पण आपण काय करतो? राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी मैदानाच्या कडेला रांगेने उभे राहतात, पाहुणे एक झाड उपटतात, छायाचित्र निघते, मग दीड-दोन तास आम्ही उघड्या हातांनी उपटतो आणि ढीग रचून चहाला जातो. बेळगावात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. त्या पावसावर उगवलेले रोप ऑगस्टच्या मध्याला फुलून बसलेले असते. ते उपटताना आम्ही परागाची धूळ श्वासात घेतो आणि तयार बी स्वतःच्या चपलांनी मैदानभर नेतो. ढिगात पडलेले बी ढिगातच राहते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मागे उरते ती उकरलेली, मोकळी, ओली माती. ह्या झाडाला याहून प्रिय जागा जगात नाही. दसऱ्यापर्यंत ते पुन्हा गुडघाभर होते, आणि पुढच्या ऑगस्टला आम्ही पुन्हा हजर! जो व्यापारी दरसाल त्याच मालावर त्याच रीतीने तोटा खातो, त्याला आम्ही वर्गात काय म्हणतो ते सर्वांना माहीत आहे.

उघड्या हातांविषयी थोडे अधिक. दोन तासांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा काही होणार नाही. पण शहरात प्लॉट साफ करायला रोजाने बायका येतात, त्या आठवडेच्या आठवडे हेच काम करतात. हातमोजे त्यांना मी कधी पाहिलेले नाहीत. तोंडाला पदर असतो, तेवढाच. काकांचा चेहरा पाहिल्यापासून मला त्यांच्याकडे सहज बघवत नाही.

सरकारने काही केले नाही असे नव्हे. कर्नाटकाने १९७५ मध्येच १९६८ च्या कृषी कीड व रोग कायद्याखाली हे तण उपद्रवी म्हणून जाहीर केले. ज्याची जमीन, त्याने ते काढावे असा त्याचा रोख. कागदावर उत्तम. पण शहराभोवतीचे जे प्लॉट वर्षानुवर्षे रिकामे पडले आहेत त्यांच्याकडे पाहा. माती उकरलेली, वर खडीचा ढीग, चारही बाजूंना काँग्रेस गवत, आणि मालक भाव चढण्याची वाट पाहत दुसऱ्या गावी. भाव चढला की नफा मालकाचा. त्या प्लॉटवरून उडालेल्या परागाची किंमत शेजारच्याने चुकवायची. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात ह्याला बाह्य परिव्यय असे जड नाव आहे. मराठीत ह्याला दुसऱ्याच्या जिवावर व्यापार म्हणतात. पंचेचाळीसहून अधिक वर्षांचा कायदा हाताशी असताना अशा मालकांना नोटीस पाठवण्यास काय हरकत आहे, हे मला समजत नाही.

शास्त्रज्ञांनी आणखी एक वाट काढली. १९८३ साली मेक्सिकोहून एक लहानसा भुंगा बंगळूरला आणला गेला आणि पुढच्या वर्षी मोकळा सोडला. हा भुंगा आणि त्याच्या अळ्या काँग्रेस गवताची पाने खाऊन त्याचा सांगाडा करतात. बंगळूरच्या आसपास त्याने चांगले काम केले. पुढे तो सूर्यफुलावरही दिसला, शेतकरी घाबरले, सरकारला समिती नेमावी लागली आणि बराच काळ वाद चालला. अखेर सूर्यफुलाला त्याच्यापासून मोठा धोका नाही असे ठरले. पण भुंगा पावसाळ्याचा धनी आहे. कोरडे दिवस आले की तो मातीत शिरून झोपतो, आणि गवत तेवढ्यात आपले काम उरकून घेते. शिवाय भुंगा कितीही खावो, खाल्लेल्या जागेवर पुढे कोण उगवणार हे तो ठरवीत नाही.

ते ठरवण्याचे काम धारवाडला झाले आहे, आणि त्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही ह्याचे मला आश्चर्य वाटते. तेथील कृषी विज्ञान विद्यापीठात १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये पार्थेनियमवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. भाताच्या वाणांसाठी प्रसिद्ध असलेले डॉ. एम. महादेवप्पा तेव्हा कुलगुरू होते, आणि त्यांनी ह्या तणाचा विषय आयुष्यभर लावून धरला. एका झाडाला हटवायला दुसरे झाड, असा तो विचार. तरवडाच्या जवळच्या नात्यातली काही झुडपे काँग्रेस गवताच्या जागेत पेरली, तर ती पावसाबरोबर दाट उगवतात, सावली धरतात, त्यांच्याही मुळा-पानांतून काही द्रव्ये उतरतात, आणि काँग्रेस गवताचे रोप वर येऊ शकत नाही. त्यातले एक झुडूप आपल्या पुरते ओळखीचे आहे. कन्नडमध्ये त्याला तगचे म्हणतात, गोव्यात तायखिळो, आणि आपल्या मराठीत टाकळा.

होय, तोच टाकळा. मृगाच्या पावसानंतर पश्चिमेकडच्या खेड्यांतून बायका ज्याच्या कोवळ्या जुड्या बाजारात विकायला आणतात, आणि डाळ, कांदा, खोबरे घालून ज्याची भाजी होते, तो. पहिल्या जुड्यांना गिऱ्हाईक वाट पाहत असते. तण काढायला आपण मजुरी देतो, औषधाला पैसे देतो, आणि जे झाड ही जागा फुकट धरून ठेवील ते आपल्याच बाजारात पैसे देऊन विकत घेतो!

ह्यातही खाचखळगे आहेत. टाकळा गुरे फारशी खात नाहीत, म्हणून तो कुरणात पेरू नये. तिथे चाऱ्याचे गवतच वाढवावे. त्याची जागा रस्त्याची कड, रिकामा प्लॉट, मैदानाचा कोपरा. दिवाळीनंतर तो वाळतो, आणि थंडीत ओल असेल तिथे काँग्रेस गवत पुन्हा डोके काढते. त्या रोपांसाठी मार्गशीर्षात एक फेरी करावीच लागेल. पहिल्या वर्षी फरक थोडा दिसेल, कारण मातीतला तो राखीव निधी संपायला वेळ लागतो. छायाचित्रात तर काहीच दिसणार नाही.

तेव्हा ह्या वर्षी असे करून पाहावे, असे मी सुचवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकळ्याच्या शेंगा वाळतात. ज्यांची गावे जांबोटी-खानापूरकडे आहेत त्या विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीवरून येताना पिशवीभर बी आणावे. एप्रिलमध्ये, परीक्षा संपता संपता, मैदानाच्या मागच्या कुंपणालगत ते फेकावे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, काँग्रेस गवताची रोपे वीतभर आणि बिनफुलाची असतानाच ती मुळासकट काढावीत. फूल नसलेल्या रोपांचे खतही होते. हातमोज्यांचा खर्च राष्ट्रीय सेवा योजनेच्या निधीतून करावा, आणि आधी ते मैदान साफ करणाऱ्या मावश्यांना द्यावेत, मग उरतील ते आम्हांला. कुंपणाचा अर्धा भाग टाकळ्याविना तसाच ठेवावा, म्हणजे वर्षाच्या शेवटी दोन्ही बाजूंची रोपे मोजून ताळा पाहता येईल. मोजण्याचे काम वनस्पतिशास्त्राचे मित्र करतील ना? वही मी घालून देतो. बी ठेवायला ग्रंथालयाशेजारच्या जिन्याखाली जागा आहे. शिपाईमामांना मी विचारून ठेवले आहे.